गच्चीवरचा पुदिना आणि बोअरचे पाणी

ज्यांचे आयुष्य रंगाईच्या कारखान्यांत गेले त्यांना पाण्याचा सामू, म्हणजेच पीएच, नव्याने सांगायला नको. सोडा ॲश घातला की पाण्याचा सामू साडेदहा-अकरापर्यंत चढतो, तेव्हाच रिॲक्टिव्ह रंग सुतात पक्का बसतो. मागाहून ॲसेटिक ॲसिडने तो उतरवावा लागतो. हीच विद्या मातीविना भाजी लावताना लागते, हे मात्र मला नुकसान सोसून कळले.

जोडधंदा म्हणून पाइपांत पुदिना लावण्याचा संच मी घेतला. तीन आठवड्यांत कोवळी पाने पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या. विक्रेता म्हणाला, खत वाढवा. वाढवले, पिवळेपणाही वाढला. शेवटी रंगाईतली पीएच पट्टी टाकीत बुडवली, तर सामू आठ!

खताच्या पाण्याचा सामू ५.५ ते ६.५ हवा. तो सातच्या वर गेला की लोह मुळांना मिळेनासे होते. खत टाकीत असूनही रोप उपाशी. सहा आणि आठ यांत फरक दोनाचा दिसतो, पण हिशेब दहाच्या पटीचा आहे, म्हणजे फरक शंभर पट. हे माप सोरेन्सन यांनी १९०९ मध्ये डेन्मार्कमधील एका बिअर कंपनीच्या प्रयोगशाळेत काढले. असो, इल्म कुठूनही घ्यावे.

माझी टाकी बोअरच्या पाण्याने भरते. अशा जड पाण्यात बायकार्बोनेट असते. आम्ल घातले की सामू उतरतो, आणि बायकार्बोनेट शिल्लक असेल तर सकाळी पुन्हा चढलेला दिसतो. नवखा माणूस इथेच कंटाळतो.

आधी खत विरघळवावे, मग सामू पाहावा, मग फॉस्फोरिक ॲसिड थेंबाथेंबाने घालावे. पाण्यात आम्ल घालायचे, आम्लात पाणी कधीच नाही. हातमोजे घालावेत, बाटली मुलांपासून दूर ठेवावी. अर्ध्या तासाने आणि दुसऱ्या सकाळी पट्टी पुन्हा लावावी. सिरका किंवा लिंबूसत्व चालते, पण त्याचा असर फार दिवस टिकत नाही. पावसाळ्यात गच्चीवरचे पाणी साठवून बोअरच्या पाण्यात मिसळले तर आम्लाचा खर्च बराच वाचतो.

ज्या बांधवांना हा संच घ्यायचा असेल त्यांनी बयाणा देण्यापूर्वी बाटलीभर पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्यावे आणि बायकार्बोनेटचा आकडा आवर्जून मागावा. माझा पुदिना आता हिरवा आहे. घरच्या चटणीला पुरतो, बाजारात नेण्याइतका अजून निघत नाही.