वाफ झाली की मीठ मागे

आमच्या हरसूल गावात जुलैत छत्री उलटी होईस्तोवर पाऊस, आणि एप्रिल-मेमध्ये विहिरीच्या तळाशी वाटीने पाणी भरायचं. कातळावरून घसरलेलं आमचं पाणी दमणगंगेवाटे सरळ समुद्राला जातं. त्यामुळे माझ्या वर्गात लक्षद्वीपची अडचण फार समजावून सांगावी लागत नाही. तिथल्या प्रवाळ बेटांखाली खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा पातळ थर तरंगतो. उपसा वाढला की विहीर मचूळ.

चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेने २००५ साली तिथल्या कवरत्ती बेटावर समुद्राच्या पाण्यापासून रोज १ लाख लिटर गोडं पाणी देणारा प्रकल्प उभारला. २०११ मध्ये मिनिकॉय आणि अगत्तीलाही असे प्रकल्प झाले. गंमत म्हणजे तिथे पाणी तापवत नाहीत. समुद्राचं वरचं पाणी साधारण २८ अंशांचं. बंद टाकीतली हवा खेचून घेतली की तेवढ्यावरच त्याची वाफ होते आणि मीठ मागे राहतं. मग सुमारे ३५० मीटर खोलीवरून पाइपाने आणलेलं थंडगार पाणी नळ्यांतून फिरतं आणि त्यांच्यावर वाफेचं पाणी घामासारखं सुटतं.

हवा खेचली की पाणी कसं उकळतं हे पटवायला मी मुलांना सुई नसलेली सिरिंज दाखवतो. थोडं कढत पाणी ओढायचं, तोंडावर बोट घट्ट दाबायचं, दट्ट्या मागे खेचायचा. आत बुडबुडे!

"सर, उकळलं!" मागच्या बाकावरून ओरड येते.

फुकट मात्र काही नाही. पंपांना वीज लागते, आणि बेटांवर ती मुख्यतः डिझेल जाळूनच मिळत आली आहे.