मोडीत निघालेली गणकयंत्रे

'जुने ते सोने' ही म्हण आपण एरवी लाक्षणिक अर्थाने वापरतो. जुन्या गणकयंत्रांच्या बाबतीत ती अक्षरशः खरी आहे. आज ज्यांना आपण संगणक म्हणतो, त्या यंत्रांच्या जोडांवर, पाट्यांच्या कडांवर आणि कित्येक जुन्या चिपांच्या अंगावर सोन्याचा पातळ मुलामा असतो. सोने गंजत नाही, त्यामुळे जोड दीर्घकाळ पक्के राहतात, एवढाच तो मुलामा देणाऱ्यांचा हेतू. पण हेच सोने पुढे यंत्राच्या मुळावर येते. भंगाराच्या बाजारात यंत्राची किंमत त्याने केलेल्या कामावरून ठरत नाही. त्यात तांबे किती, सोने किती, यावरून ठरते. ज्या यंत्राने एकेकाळी अणुशास्त्रज्ञांची गणिते सोडवली, ते आणि गल्लीतला मोडका रेडिओ एकाच तराजूत पडतात. अशी यंत्रे तराजूत पडण्यापूर्वी, किंवा पडल्यानंतरही, सोडवून आणणे आणि पुन्हा चालती करणे, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

या यंत्रांच्या वाट्याला तीन अवस्था येतात. नवे असताना ते इतके मोलाचे असते की त्याला वेगळी खोली आणि वेगळा सेवक मिळतो. दुसऱ्या अवस्थेत ते निरुपयोगी ठरते, जागा अडवते आणि साऱ्यांच्या डोळ्यांत खुपते. तिसऱ्या अवस्थेत ते दुर्मिळ होते आणि संग्रहालये त्याचा शोध घेऊ लागतात. खरा घात होतो तो मधल्या अवस्थेत. आपल्या घरांतील तांब्यापितळेच्या भांड्यांचे असेच झाले. स्टील आले, तेव्हा पिढ्यान्‌पिढ्यांचे हंडे, घंगाळी आणि समया मोडीत घालून चकचकीत ताटेवाट्या घेतल्या गेल्या; आणि आता त्याच घरांतील नातवंडे तसेच घंगाळे दिवाणखान्यात मांडण्यासाठी दामदुप्पट किंमत मोजतात. मात्र घंगाळे नवे घडवता येते. जुने गणकयंत्र मोडले, तर ते चालवण्याची विद्याही त्याच्याबरोबर जाते. ही विद्या वाचवणे हा या साऱ्या खटाटोपाचा गाभा आहे, हे दोन उदाहरणांवरून ध्यानात येईल.

पहिले उदाहरण इंग्लंडमधील आहे. ऑक्सफर्डजवळच्या हार्वेल येथील अणुसंशोधन केंद्रात १९५१ साली एक गणकयंत्र प्रथम चालू झाले. त्यात आठशे अठ्ठावीस डेकाट्रॉन नळ्या होत्या. डेकाट्रॉन म्हणजे विरळ वायूने भरलेली काचेची नळी. तिच्या आत वर्तुळाकार दहा स्थाने असतात, आणि विजेचा एकेक ठोका मिळताच प्रकाशाचा ठिपका एकेक स्थान पुढे सरकतो. ठिपका सातव्या स्थानी असेल, तर नळीत सात हा अंक आहे. यंत्राच्या मनात काय चालले आहे, हे उघड्या डोळ्यांनी दिसावे, असा हा प्रकार होता. यंत्र मात्र विलक्षण मंद. एका गुणाकाराला त्याला पाच ते दहा सेकंद लागत. एका तरुण गणितज्ञाने हातयंत्र घेऊन त्याच्याशी शर्यत लावली आणि सुमारे अर्धा तास बरोबरी राखली. मग तो थकला, आणि यंत्र चालतच राहिले. नाताळच्या सुट्टीत कोणी जवळ नसताना ते दहा दिवस अखंड काम करीत होते, अशी त्याची ख्याती आहे.

१९५७ साली हार्वेलला त्याची गरज उरली नाही. तेथील जाणत्यांनी ते मोडीत काढले नाही. जे महाविद्यालय त्याचा उत्तम उपयोग सांगेल त्याला ते द्यावे, अशी स्पर्धा लावली. वुल्व्हरहॅम्प्टनच्या तंत्रमहाविद्यालयाने ती जिंकली, आणि १९७३ पर्यंत त्या यंत्रावर विद्यार्थ्यांच्या पिढ्या शिकल्या. नंतर ते बर्मिंगहॅमच्या विज्ञानसंग्रहालयात गेले. ते संग्रहालय १९९७ साली बंद झाले, तेव्हा यंत्राचे भाग सुटे करून कोठारात ठेवण्यात आले. तेथे त्याचा विसर पडला. पुढे कोठारातील सामानाच्या एका छायाचित्रात ओळखीचा एक नियंत्रणफलक एका जाणकाराच्या दृष्टीस पडला, आणि त्या एका फलकावरून अडीच टनांच्या यंत्राचा शोध लागला. २००९ साली ते ब्लेचली पार्क येथील राष्ट्रीय संगणक संग्रहालयात आणले गेले. तीन वर्षे स्वयंसेवकांनी त्याच्या रिलेंचे संपर्क साफ केले, नळ्या तपासल्या, तारा जुळवल्या, आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये प्रकाशाचे ते ठिपके पुन्हा फिरू लागले. मूळ स्वरूपात चालणारे जगातील सर्वांत जुने अंकीय गणकयंत्र म्हणून ते आज ओळखले जाते. ते वाचले, कारण प्रत्येक वळणावर कोणीतरी त्याला भंगाराच्या गाडीत चढू दिले नाही. आणि शेवटी, पाहताक्षणी ओळखणारा एक माणूस शिल्लक होता.

दुसरे उदाहरण खऱ्याखुऱ्या भंगाराचे आहे. २० जुलै १९६९ रोजी मानव चंद्रावर उतरला. त्या यानाला मार्ग दाखवणारे गणकयंत्र मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या प्रयोगशाळेत रचले गेले होते. वजन सुमारे बत्तीस किलो, आणि वीज एका साध्या दिव्याइतकी. चांद्रमोहिमा संपल्यावर उरलेल्या यंत्रसामग्रीचे मोल संपले. १९७६ साली टेक्सासमधील एका गृहस्थांनी अमेरिकेच्या अंतराळसंस्थेने टाकून दिलेले सुमारे दोन टन सामान विकत घेतले. त्यात असे एक गणकयंत्र निघाले. त्यांनी ते जपून ठेवले. चाळीस वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर, २०१८ साली, चार कुशल हौशी तंत्रज्ञांनी ते उघडले, आणि चंद्रावतरणाच्या पन्नासाव्या वाढदिवसापूर्वी ते पुन्हा चालू केले.

या यंत्राची स्मृती दोन प्रकारची होती. बदलती स्मृती चुंबकी कड्यांची. मोहरीएवढ्या कड्यांतून तारा ओवलेल्या. कडे एका दिशेने चुंबकित झाले की एक, उलट दिशेने झाले की शून्य. वीज गेली, तरी कडे आपली दिशा विसरत नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत भारतीय तंत्रज्ञांनी स्वतः रचलेले आणि १९६० साली कार्यान्वित झालेले टिफ्रॅक हे गणकयंत्रही अशाच कड्यांच्या स्मृतीवर चालत असे. चांद्रयंत्राची कायमची स्मृती मात्र अक्षरशः विणलेली होती. तार कड्यातून गेली तर एक, कड्याला वळसा घालून गेली तर शून्य. कारखान्यात स्त्रियांनी सुईने हे विणकाम केले. येवल्याच्या पैठणीत काठाचा मोर जसा विणीतच असतो, वरून छापलेला नसतो, तशी चंद्रावर उतरण्याची आज्ञावली त्या विणीत होती.

भंगारात मिळालेल्या यंत्रात बदलत्या स्मृतीच्या कप्प्यातील एक तार तुटलेली निघाली. तो कप्पा कडक राळेत ओतून कायमचा बंद केलेला. तंत्रज्ञांनी क्षकिरणांच्या साहाय्याने आत पाहिले, दोषाचे स्थान निश्चित केले आणि तेवढाच जोड दुरुस्त केला. पण याहून मोलाची गोष्ट पुढे घडली. यंत्र चालू झाल्यामुळे, इतरत्र संग्रहांत पडून असलेले विणलेल्या स्मृतीचे कप्पे त्याला जोडून वाचता आले. ज्यांचे छापील उतारे उपलब्ध नव्हते, अशा आज्ञावल्या त्यांतून हाती आल्या. ते कप्पे तोवर मुके होते. त्यांची भाषा बोलणारे एक यंत्र भंगारातून उठले, तेव्हा ते बोलले.

आता अशा यंत्राला जिवंत कसे करतात, ते पाहू. पहिला नियम असा की, यंत्र घरी आणताच ते विजेला जोडू नये. कुतूहलापोटी दाबलेल्या एका बटणाने कितीतरी वाचू शकणारी यंत्रे कायमची गेली आहेत. याचे कारण कपॅसिटर नावाच्या भागात आहे. त्याच्या आत अल्युमिनियमच्या पत्र्यावर ऑक्साइडचा अतिसूक्ष्म थर असतो, आणि तोच वीज अडवून धरतो. वर्षानुवर्षे वीज न मिळाल्यास तो थर क्षीण होतो. एकदम पूर्ण दाब दिला तर तो फुटतो, आणि जवळचे भागही सोबत घेऊन जातो. म्हणून वीजपुरवठ्याचा भाग आधी वेगळा काढून तपासतात, आणि दाब हळूहळू, तासातासाने वाढवतात. दीर्घ उपवासानंतर माणसाला पहिल्या दिवशी पेजच देतात, त्यातलाच हा प्रकार.

दुसरा शत्रू म्हणजे पाटीवर डाखलेली लहानशी बॅटरी. १९८० आणि १९९० च्या दशकांतील पुष्कळ यंत्रांत घड्याळ चालू ठेवण्यासाठी ती बसवलेली असे. कालांतराने ती फुटून तिच्यातील क्षार पाझरतो आणि तांब्याच्या बारीक वाटा खाऊन टाकतो. यंत्र हाती येताच ही बॅटरी काढून टाकणे, हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत गुणकारी उपाय आहे. तिसरी गोष्ट जिवाच्या काळजीची. जुन्या काचेच्या पडद्यांच्या आत हजारो व्होल्टचा दाब असतो, आणि वीज बंद केल्यावरही तो काही काळ टिकून राहतो. माहितगार सोबत असल्याखेरीज तेथे हात घालू नये.

चौथी गोष्ट कागदाची. मंडलांचे आराखडे, पुस्तिका, हाताने लिहिलेल्या दुरुस्तीच्या वह्या या यंत्राहून आधी फेकल्या जातात, आणि त्यांच्यावाचून यंत्राचे भाग ओळखूही येत नाहीत. शिवाय एक शिस्त पाळावी लागते. प्रत्येक जोड सोडवण्यापूर्वी त्याचे छायाचित्र घ्यावे. बदललेला जुना भाग चिठ्ठी लावून यंत्राबरोबरच ठेवावा. आणि जी दुरुस्ती पुढच्या माणसाला उलटवता येणार नाही, ती शक्यतो करू नये. जीर्ण हस्तलिखितांची डागडुजी करणारेही हीच शिस्त पाळतात.

हे सारे इंग्लंड-अमेरिकेचे झाले. आपला त्याच्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो आपल्या भाषेचा आहे. १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली. तिचे 'जिस्ट' नावाचे कार्ड संगणकात बसवले की त्या काळच्या पडद्यावर देवनागरी अक्षरे उमटत. म्हणजे अक्षरे दाखवण्याचे सामर्थ्य त्या पाटीत होते. पाटी गेली की पडदा निरक्षर. त्यानंतर छापखान्यांत मराठी अक्षरजुळणीच्या निरनिराळ्या आज्ञावल्या आल्या. त्यांची अक्षरांची सांकेतिक मांडणी एकमेकींशी जुळत नसे. कित्येकींना संगणकाच्या पाठीमागे खोचायची किल्लीसारखी एक खुंटी लागे. ती नसेल तर आज्ञावली उघडतच नसे. युनिकोड ही सर्वमान्य पद्धती रुळण्यापूर्वीची कितीतरी वर्षे मराठी मजकूर अशा वेगवेगळ्या कुलपांत बंद झाला.

ही यंत्रे गेली कोठे? पुष्कळशी भंगारात गेली. इंदूर, बडोदे, बेळगाव, हैदराबाद, पणजी अशा ठिकाणच्या मराठी संस्थांच्या स्मरणिका, ग्रंथालयांच्या याद्या, शाळांचे अंक, एखाद्या लेखकाचे अप्रकाशित लेखन असे काही फ्लॉपीवर उरले असेल, तर ते वाचण्यासाठी ती फ्लॉपी पुरेशी नाही. तिला वाचणारे यंत्र, ती आज्ञावली आणि ती खुंटी हे सारे लागते. त्यात कोकण-गोव्याच्या दमट हवेत फ्लॉपीवर बुरशी धरते. पुष्कळदा अशी फ्लॉपी एकदाच वाचता येते. दुसऱ्या खेपेला तिच्यावरचा चुंबकी थरच खरवडून निघतो. म्हणून पहिल्याच वाचनात तिची पूर्ण नक्कल घ्यावी.

प्रत्येक जुने यंत्र जपून ठेवावे, असे मात्र मी म्हणत नाही. तसे केले तर घरांची आणि कचेऱ्यांची कोठारे होतील. ज्यात विशेष काही नाही, त्याची विल्हेवाट रीतसर लावणेच योग्य. उघड्यावर तारा जाळून आणि आम्लात पाट्या बुडवून धातू काढणाऱ्या मजुरांच्या फुप्फुसांना आणि हातांना त्याची किंमत मोजावी लागते, हे विसरता येत नाही. भारत सरकारचे ई-कचऱ्याविषयीचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून अमलात आले आहेत. त्यांनुसार असे साहित्य नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्यांकडेच गेले पाहिजे.

पण ते दाराबाहेर जाण्यापूर्वी तीन प्रश्न विचारण्यास फारसा वेळ लागत नाही. या यंत्रात असे काही आहे का, जे अन्यत्र उतरवून घेतलेले नाही? हे यंत्र चालवणारा माणूस अजून भेटू शकेल का? आणि याचे कागद कोठे आहेत? तिन्ही उत्तरे मिळाली, तर यंत्र काही दिवस थांबवून ठेवावे आणि एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला किंवा जाणत्या हौशी माणसाला बोलावून दाखवावे. हार्वेलचे यंत्र पन्नास वर्षे टिकले ते अशाच थांबवून ठेवण्यामुळे. आपल्या संस्थांच्या माळ्यावर, छापखान्याच्या मागच्या खोलीत, सेवानिवृत्त शिक्षकाच्या कपाटाखाली असे एखादे यंत्र आजही असू शकेल. ते चालवू शकणारी पिढी आता साठी-सत्तरीच्या घरात आहे. यंत्र आणखी दहा वर्षे थांबेल; माणसांविषयी तशी खात्री देता येत नाही. तेव्हा विचारायचे ते लवकर विचारावे.