खाडीपलीकडची मुंबई

बृहन्मुंबई महापालिकेच्या हद्दीत अशी काही गावे आहेत, जिथे मुंबईतून रस्त्याने जायचे तर आधी मुंबई सोडावी लागते. गोराई, कुळवेम आणि मनोरी ही ती गावे. बोरिवली स्टेशनवर उतरून पश्चिमेला निघालेला माणूस काही किलोमीटरांतच गोराईच्या खाडीवर येऊन थांबतो. पलीकडचे माड स्वच्छ दिसतात, होडीने गेले तर काही मिनिटांचे काम. पण गाडीनेच जायचे ठरवले तर दहिसरची वेस ओलांडून मीरा-भाईंदरात, म्हणजे ठाणे जिल्ह्यात शिरायचे, उत्तनच्या बाजूने वळसा घालून दक्षिणेकडे उतरायचे, तेव्हा कुठे पुन्हा मुंबई लागते. २०११च्या जनगणनेत एक कोटी चोवीस लाखांहून अधिक वस्ती नोंदवलेल्या शहराचा हा भाग आहे. इथे पावसाळ्यात भात लागतो, विहिरीच्या पाण्यावर भाजी पिकते आणि अंगणात जाळी विणली जातात. गोराई तर दोन आहेत. खाडीच्या अलीकडे, बोरिवलीच्या बाजूला, १९८०च्या दशकात जागतिक बँकेच्या साहाय्याने म्हाडाने आखून वसवलेली गोराई. पलीकडे शेकडो वर्षांचे गाव गोराई.

वेसाव्यापासून (वर्सोव्यापासून) उत्तनपर्यंतची ही किनारपट्टी मुंबईला इतकी चिकटून असूनही इतकी वेगळी कशी राहिली, याचे उत्तर साष्टी बेटाच्या घडणीत आहे. बेटाच्या मधोमध कान्हेरीचे डोंगर आहेत. डोंगर आणि समुद्र यांच्यामध्ये जमिनीचा एक कोरडा पट्टा आहे. त्याच्या पश्चिमेला मालाडची आणि मनोरीची अशा दोन खाड्या किनाऱ्याच्या मागे आतपर्यंत शिरल्या आहेत. या खाड्यांच्याही पलीकडे, अगदी समुद्राच्या तोंडाशी, खडकाळ जमिनीची चिंचोळी पट्टी उरते. मढ, एरंगळ, आक्सा, मार्वे तिच्या दक्षिण भागात. मनोरी, गोराई, उत्तन उत्तरेकडे.

१८४५मध्ये माहीमचा कॉजवे झाला. लेडी अवाबाई जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून झालेल्या या रस्त्याने मुंबई बेट साष्टीला जोडले गेले. बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया (बीबीसीआय) रेल्वे आली तेव्हा तिने साहजिकच डोंगराच्या पायथ्याचा कोरडा पट्टा धरला. १२ एप्रिल १८६७ रोजी विरार ते बॅकबे अशी पहिली उपनगरी गाडी धावली आणि तेव्हाच या उपनगरांचे भवितव्य ठरले, असे म्हटले तरी चालेल. वस्ती स्टेशनांभोवती वाढली. अंधेरी, मालाड, बोरिवली या नावांभोवती शहर गोळा होत गेले आणि समुद्रकाठची जुनी गावे त्याच्या पाठीमागे राहिली. १९५०मध्ये आणि पुन्हा १९५७मध्ये महापालिकेची हद्द वाढली, तेव्हा उत्तन सोडता ती कागदोपत्री मुंबईत आली. खाडी मात्र होती तिथेच राहिली.

या पट्टीचा दगडही वेगळा आहे. महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या बेसॉल्टचा. मनोरी-गोराईकडे मात्र ज्वालामुखीच्या उद्रेकांच्या अखेरच्या काळातला, फिकट रंगाचा ट्रॅकाइट सापडतो. याच जातीचा पिवळसर दगड मालाडच्या खाणींतून निघे आणि ‘मालाड स्टोन’ म्हणून इमारतींना लागे. काळ्या घोड्याजवळची डेव्हिड ससून लायब्ररी त्या दगडाची आहे. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या भिंतींत कुर्ल्याचा करडा बेसॉल्ट आणि मालाडचा पिवळसर दगड शेजारी शेजारी बसवलेले आहेत. दक्षिण मुंबईच्या ज्या वास्तूंसमोर आपण थबकतो, त्यांतल्या काहींचे मूळ या उपनगरांच्या पोटात आहे.

आता समुद्राकडे वळू. मुंबईच्या किनाऱ्यावर दिवसाकाठी दोनदा भरती येते आणि रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते. तिची वेळ काढण्याचा कोकणपट्टीतला जुना हिशेब सोपा आहे. तिथीला पाऊणने गुणायचे. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणून सहाच्या सुमारास भरती. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमेला किंवा अमावास्येला सव्वाअकरा, म्हणजे दुपार किंवा मध्यरात्र होत आलेली. पंचांगातली तिथी माहीत असली की पुरे. हा हिशेब अचंबा वाटावा इतका खरा उतरतो. पावसाळ्यात साडेचार मीटरहून उंच भरतीचे इशारे वर्तमानपत्रांत येतात, ते बहुधा भर दुपारच्याच वेळेचे का असतात, हेही यातून कळते. मोठे उधाण पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासच यायचे आणि त्या दिवसांची भरती मुंबईत दुपारीच भरायची. शहराचे पावसाचे पाणी नाल्यांतून खाडीत आणि खाडीतून समुद्रात जाते. खाडी काठोकाठ भरलेली असेल तर त्याला वाट नसते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मुंबईला हे धडधडीत दिसले. कोळ्यांच्या घरातला तिथीचा हिशेब रेल्वेच्या रुळांपर्यंत पोचतो तो असा.

वेसावे, मढ, भाटी, मनोरी, गोराई, उत्तन या सगळ्या गावांची मासेमारी भरतीवर चालते. इथले खास जाळे म्हणजे डोल. लांबलचक निमुळत्या पिशवीसारखे हे जाळे समुद्राच्या तळात ठोकलेल्या खुंटांना बांधतात. तोंडाशी त्याची भोके मोठी, शेपटाकडे बारीक होत जातात. तोंड प्रवाहाच्या दिशेला उघडे ठेवायचे आणि भरतीच्या किंवा ओहोटीच्या पाण्याला आपले काम करू द्यायचे. जाळे ओढत न्यावे लागत नाही. समुद्रच त्यातून वाहतो आणि वाहताना बोंबील, जवळा, करंदी, मांदेली शेपटात गोळा करून देतो. प्रवाह थांबून उलटायच्या आधी जे थोडे निवांत पाणी मिळते, तेवढ्यात जाळे वर घ्यायचे. उशीर झाला तर उलटा प्रवाह सगळे बाहेर काढतो. म्हणून डोलकराचे घड्याळ चंद्राचे. उधाणाच्या दिवसांत पाण्याला ओढ असते, जाळे भरते. सप्तमी-अष्टमीच्या आसपास भांग लागला की पाणी मंदावते, मासळी कमी होते. मग नाखवा होडी डागडुजीला काढतो आणि जाळी दुरुस्तीला बसतात. शेजारच्या इमारतीतली माणसे सोमवार ते शनिवार जगतात आणि हाकेच्या अंतरावर दुसरी माणसे उधाण ते भांग जगतात. एका शहरात अशा दोन कालगणना नांदतात, हे मला या किनाऱ्याचे सर्वांत मोठे आश्चर्य वाटते.

डोलीत येणारा मुख्य मासा बोंबील. तो भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर महाराष्ट्राच्या उत्तर भागात आणि सौराष्ट्रात विपुल मिळतो, दक्षिणेकडे जावे तसा जवळजवळ नाहीसा होतो. त्याच्या अंगात बहुतांश पाणीच, त्यामुळे ताजा बोंबील फार वेळ टिकत नाही. त्यावरचा उपाय म्हणजे ऊन आणि वारा. बांबूंना दोर ताणून वलांडी उभारतात. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ती जोडी दोरावर पाठीला पाठ टांगतात. बारीक काटेरी दातांमुळे ती पकड सुटत नाही. गाठ नको, खिळा नको. काही दिवसांत पाणी उडते आणि वर्षभर टिकणारा सुका बोंबील तयार होतो. हे काम बहुतेक बायकांचे. पावसाळ्यात मासेमारीवरची बंदी आणि खवळलेला समुद्र यांमुळे होड्या किनाऱ्याला लागलेल्या असतात, तेव्हा कोळीवाड्याचे आणि मुंबईतल्या असंख्य मराठी घरांचे कालवण या सुक्या मासळीवर चालते. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिला की पुन्हा हंगाम सुरू.

इतिहासही या पट्टीत पाण्याच्याच वाटेने आला. १५३४च्या तहाने वसई आणि साष्टी पोर्तुगीजांकडे गेली. त्यांनी खाड्यांच्या तोंडाशी पहारे बसवले. मढच्या टोकावरचा किल्ला मालाडच्या खाडीवर नजर ठेवायला बांधला, आज तो हवाई दलाच्या ताब्यात आहे. उत्तनजवळचा धारावीचा किल्ला वसईच्या खाडीच्या मुखावर होता. प्रसिद्ध झोपडपट्टीशी त्याचा संबंध नाही. चिमाजी अप्पांच्या मोहिमेत या जागेसाठी निकराची झुंज झाली, कारण ती हातात आली की वसईला समुद्रातून मिळणारी कुमक रोखता येई. मे १७३९मध्ये वसई पडली. राज्य बदलले, पण पोर्तुगीज काळात ख्रिस्ती झालेली गावे आपल्या शेतावर, आपल्या होडीवर आणि आपल्या मराठी बोलीत तशीच राहिली. एरंगळच्या पुळणीवर १५७५चे सेंट बोनाव्हेंचर चर्च आहे. जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी तिथे जत्रा भरते. मढच्या हरबादेवीची जत्राही याच किनाऱ्यावरची. दोन्हींना माणसे पूर्वी होड्यांनी यायची. वेसावे आणि मढ यांच्यात आजही फेरीबोटच धावते, कारण मालाड-मार्वेवरून फिरून जायचे तर वीस किलोमीटरांहून अधिक रस्ता पडतो.

आक्साच्या पुळणीविषयी एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. ती सपाट आणि शांत दिसते, पण ओहोटीचे पाणी वाळूत चर पाडते आणि चर जागा बदलतात. काल गुडघाभर पाणी होते तिथे आज पाय लागत नाही. तिथे पोहायला उतरलेली कितीतरी तरुण मुले बुडाली आहेत. गावातला माणूस ओहोटी लागली की पाण्यात उतरत नाही. पाहुण्यांनीही तेवढे ऐकावे.

गोराईजवळच विपश्यना पॅगोडा आहे. ८ फेब्रुवारी २००९ रोजी त्याचे उद्घाटन झाले. सुमारे ३२५ फूट उंचीच्या या वास्तूच्या घुमटाखाली एकही खांब नाही. दगडात दगड अडकवून तो तोललेला आहे आणि आत आठ हजार माणसे ध्यानाला बसू शकतात.

या गावांभोवती खाडी नसती तर काय झाले असते, याचे उत्तर थोडे दक्षिणेला, जुहूला मिळते. जुहू हेही एके काळी वेगळे वाळूचे बेटच होते. ओहोटीला चालत जाता येई. मधली दलदल भरत गेली, विमानतळ झाला, आणि १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन इथेच उतरले. आज जुहू कधी काळी बेट होते हे सांगितल्याशिवाय कोणाला कळणार नाही. वेसाव्याच्या पाठीमागची खाजण जमीनही अशीच गेली. तिथे लोखंडवाला संकुल उभे राहिले. वेसाव्याचा कोळीवाडा मात्र तग धरून आहे. ८ जून २०१४पासून मेट्रोच्या पाटीवर त्याचे नाव आहे. त्याच्याच किनाऱ्यावर २०१५मध्ये अफरोज शाह आणि त्यांच्या सोबत्यांनी कचरा उचलायला सुरुवात केली. मार्च २०१८मध्ये तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले वाळूतून बाहेर पडून समुद्रात गेली.

खाजणातले तिवर हे या गावांचे दुसरे कुंपण. त्याची बोटभर मुळे चिखलातून वर येऊन श्वास घेतात आणि त्यांच्या जाळीत कोळंबी, बोई, खेकडे लहानाचे मोठे होतात. ओहोटीला बायका याच चिखलातून निवट्या, खुबे, कालवे वेचतात. १९९१च्या सागरी किनारा अधिसूचनेने आणि २००५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिवरतोडीला घातलेल्या बंदीने हा हिरवा पट्टा बराचसा वाचवला. कायदा नुसता कागदावर राहतो, असे आपण सहज म्हणतो. गोराईच्या होडीतून दोन्ही तीरांकडे पाहिले तर तसे म्हणवत नाही.

आता पूल येऊ घातले आहेत. वेसावे-मढ पुलाची योजना आहे, किनारी रस्ता उत्तरेकडे भाईंदरपर्यंत नेण्याचे काम हाती घेतले आहे, मनोरीला समुद्राचे पाणी गोडे करून रोज २०० दशलक्ष लिटर पाणी देणारा प्रकल्प आखला आहे. या गावांना पूल नकोत असे कोणी म्हणू नये. अडलेल्या बाळंतिणीला किंवा छातीत कळ आलेल्या म्हाताऱ्याला पहाटे होडीची वाट पाहायला लावणे हे काही निसर्गप्रेम नव्हे. पण पुलासोबत जमिनीचा भाव येतो, आणि या गावांची सर्वांत मोलाची जमीन नोंदीत सर्वांत कच्ची आहे. घराखालच्या जागेचा कागद असतो. वलांडीच्या जागेचा, होड्या ओढून ठेवायच्या वाळूचा, जाळी पसरायच्या मैदानाचा कागद पुष्कळदा नसतो, कारण ती पिढ्यान्‌पिढ्या गावाने मिळून वापरलेली असते. २०११च्या किनारा अधिसूचनेने मुंबईतल्या कोळीवाड्यांचे नकाशे करून त्यांना वेगळे संरक्षण द्यायला सांगितले, तेव्हापासून सीमांकनाचा वाद याच जागांवरून चालू आहे. जुलैमध्ये मोजणीदार आला तर त्याला मोकळे मैदान दिसते. तोच जानेवारीत आला तर त्याला पाय ठेवायला जागा नसते. मोजणी हंगामात व्हावी, वलांडी भरलेल्या असताना व्हावी आणि गावातल्या बायकांना सोबत घेऊन व्हावी, कारण कोणत्या घराची दोरी कुठपर्यंत जाते ते त्यांनाच ठाऊक असते.