लांडगा कोवळा असतानाच ओळखा



पावसाळा सरला की ओढ्याकाठच्या वाटेने जाताना धोतराला, लुगड्याच्या काठाला आणि शेळ्यामेंढ्यांच्या अंगाला काटेरी फळे चिकटतात. हाच लांडगा. कोणी त्याला शंकेश्वर म्हणतात, कोणी गोखरू. हे तण सूर्यफुलाच्या कुळातले आहे. फळाचा त्रास सर्वांच्या ओळखीचा. पण कोवळ्या रोपात जीव घेणारे विष असते, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

बांगलादेशातील सिल्हेट भागात २००७ साली अन्नाची टंचाई असताना गरीब लोकांनी ही रोपे भाजी म्हणून शिजवून खाल्ली. ७६ जण आजारी पडले, त्यांतील १९ दगावले. पावसाळ्यात रानभाज्या खुडणाऱ्या आपल्या भगिनींनी हे ध्यानात ठेवावे.

ओळख कशी पटवावी?

१) कोवळे रोप : पहिली दोन पाने लांबट, निमुळती, जाड व तुकतुकीत असतात. सर्वांत जास्त विष याच पानांत आणि बियांत असते.

२) वाढलेले झाड : ताठ उभे, गुडघ्यापासून छातीपर्यंत उंच. पान रुंद, कडेला दातेरी व हाताला खरखरीत लागते. देठापाशी तीन ठळक शिरा फुटतात. खोडावर जांभळट ठिपके असतात.

३) फळ : लांबट, आकड्यांसारख्या काट्यांचे, टोकाला दोन चोची. आत दोन बिया.

गोखरू नावाचा घोटाळा

औषधात वापरतात तो गोखरू म्हणजे आपला सराटा. तो जमिनीसरपट पसरतो, पाने हरभऱ्यासारखी बारीक, फूल पाच पाकळ्यांचे पिवळे. नाव एक म्हणून लांडग्याची फळे उकळून काढा घेणे जिवावर बेतू शकते.

पुस्तकांत चित्र दिसते ते बर्डॉक याच कुळातले, पण वेगळे. ते हिमालयासारख्या थंड मुलखात वाढते. त्याचे पान फार मोठे, खालून पांढुरके, आणि फळ गोल असते.

जनावरांची काळजी

पहिल्या पावसानंतर किंवा तळ्याचे पाणी ओसरल्यावर उगवलेली रोपे डुकरे व वासरे खातात. एक-दोन दिवसांत जनावर मलूल होते, चारा सोडते, अडखळत चालते, झटके येतात. विष यकृतावर घाला घालते. त्यावर खास उतारा नाही. म्हणून घरगुती उपायांत वेळ न दवडता पशुवैद्याला बोलवावे. माणसाने चुकून खाल्ले तर उलटी सुरू होण्याची वाट न पाहता दवाखाना गाठावा.

बंदोबस्त

फळ धरण्यापूर्वीच मुळासकट उपटा. काहींच्या अंगाला खाज सुटते, म्हणून हाताला फडके गुंडाळा. फळे धरली असतील तर झाडे उकिरड्यात टाकू नका, वाळवून जाळा. फळातील एक बी यंदा उगवते, दुसरे बहुधा पुढल्या साली. तेव्हा एका वर्षाच्या खुरपणीने रान स्वच्छ होणार नाही. कडब्यात व गवताच्या पेंढीतही फळे पाहून घ्या.

फळांवरून झाड ओळखावे, असे प्रभूने शिकवले. माणसे पारखताना ते खरेच; पण लांडग्याच्या बाबतीत फळाची वाट पाहू नका. तो पानावरूनच ओळखा, आणि घरातल्या मुलांनाही दाखवून ठेवा.