वर्गातील तंत्रज्ञान : भावी शिक्षिकेच्या नजरेतून



'वर्गात तंत्रज्ञानाचा वापर' हा विषय बी.एड. करणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला कधी ना कधी येतोच. आपण काय लिहितो? पाच फायदे, पाच तोटे, शेवटी 'तंत्रज्ञान हे साधन आहे, साध्य नव्हे' हे वाक्य. मार्क मिळतात आणि विषय संपतो. आज आपण तसं न करता हा विषय एका ठिकाणी नेऊन बघूया. ते ठिकाण म्हणजे पिंपरी-चिंचवड ते चाकण हा कारखान्यांचा पट्टा. मला उद्या शिकवायचं आहे ते इथेच, आणि तुमच्यापैकी अनेकांना इथे किंवा अशाच एखाद्या एमआयडीसीच्या गावात शिकवावं लागणार आहे.

पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली. मग टेल्को, आकुर्डीला बजाज, भोसरीत हजारो लहान वर्कशॉप. पुढे चाकणला महिंद्रा, फोक्सवॅगन, मर्सिडीज आणि त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या कंपन्या. इथल्या पालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या शाळांत बसणारी पुष्कळ मुलं या कामगारांची. कुणाचं गाव बीड-लातूरकडे, कुणाचं बुलढाण्याला, कुणाचं थेट उत्तर प्रदेश-बिहारमध्ये. म्हणजे तंत्रज्ञान या मुलांना नवीन नाही. त्यांचे वडील रोज रोबोच्या शेजारी उभे राहून काम करतात. अडचण वेगळीच आहे.

अडचण ही, की घरातला मोबाईल शिफ्टला जातो.

हे नीट समजून घ्या, कारण बाकी सगळं यावर अवलंबून आहे. खोलीत स्मार्टफोन एकच, तो वडिलांकडे. वडील सेकंड शिफ्टला असतील तर फोन दुपारी घराबाहेर पडतो आणि मध्यरात्री परत येतो. नाईट असेल तर दिवसा वडील झोपलेले, फोन उशाशी, आणि त्यांना उठवायचं नाही हा घराचा नियम. आईही कंपनीत पॅकिंगला जात असेल तर प्रश्नच मिटला. आता आपण संध्याकाळी पाच वाजता वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर व्हिडिओ टाकतो, 'उद्या बघून या'. कोण बघणार? दुसऱ्या दिवशी वर्गाचे दोन भाग झालेले असतात, बघितलेले आणि न बघितलेले. न बघितलेल्याला आपण 'अभ्यास केला नाही' म्हणतो! त्याच्या वडिलांची शिफ्ट बदलली म्हणून तो पोरगा मागे पडला, हे आपल्या हजेरीपटावर कुठेच दिसत नाही.

बी.एड.ला आपण 'फ्लिप्ड क्लासरूम' शिकतो. घरी व्हिडिओ बघायचा, वर्गात उदाहरणं सोडवायची. अमेरिकेतल्या कोलोरॅडोमध्ये जोनाथन बर्गमन आणि आरोन सॅम्स या रसायनशास्त्राच्या दोन शिक्षकांनी २००७ च्या सुमारास ही पद्धत रुजवली. कल्पना चांगलीच आहे, पण त्यांनीसुद्धा ज्या मुलांकडे इंटरनेट नव्हतं त्यांना डीव्हीडी दिल्या होत्या. आपण पद्धत उचलतो आणि डीव्हीडी विसरतो.

२०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा हे सगळ्यांच्याच लक्षात आलं. 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' म्हणत रोज लिंक येत होत्या. त्या काळात मला सगळ्यात शहाणपणाची गोष्ट वाटली ती सह्याद्री वाहिनीवरची 'टिलीमिली' मालिका. जुलै २०२० मध्ये ती सुरू झाली, पहिली ते आठवीसाठी. टीव्ही हे तंत्रज्ञान जुनं खरं, पण टीव्ही शिफ्टला जात नाही.

म्हणून माझं मत सरळ आहे. या पट्ट्यात पडदा शाळेत वापरावा, घरी पाठवू नये. स्मार्ट टीव्ही, प्रोजेक्टर, टॅब, जे काही शाळेला मिळालं असेल ते शाळेच्या वेळेत, सगळ्यांसमोर वापरायचं. गृहपाठ मात्र असा द्यायचा की फोन नसलेल्या मुलालाही तो पूर्ण करता येईल.

आता शाळेत तरी तो कसा वापरायचा? इथे क्रम महत्त्वाचा. आधी मुलांनी अंदाज करायचा, मग हाताने करून बघायचं, आणि पडदा शेवटी. विजेच्या परिपथाचं उदाहरण घ्या. दोन बल्ब एकसर जोडणीत आहेत. एक काढला तर दुसऱ्याचं काय होईल, आणि पहिला बल्ब जास्त उजेड देईल का? उत्तर वहीत लिहायला लावा, खोडरबर बंद. बरीच मुलं लिहितात की पहिला बल्ब जास्त पेटेल, कारण तो 'करंट खाऊन टाकतो'. मग सेल, वायर आणि दोन सारखे बल्ब घेऊन जोडा. दोन्ही सारखेच पेटतात. मुलं गोंधळतात, आणि नेमक्या त्या वेळी पडदा लावायचा. कोलोरॅडो विद्यापीठाचं 'फेट' नावाचं मोफत संकेतस्थळ आहे. नोबेल विजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी ते २००२ मध्ये सुरू केलं, आणि त्यातले बरेच प्रयोग मराठीतही आहेत. तिथे तारेतले इलेक्ट्रॉन सरकताना दिसतात. पूर्ण परिपथात ते एकदमच चालू लागतात, बल्बमध्ये एकही संपत नाही. हे डोळ्यांनी दिसणं शक्य नव्हतं, म्हणून इथे पडद्याची खरी गरज होती. बल्ब पेटलेला दाखवायला पडदा कशाला हवा? तो तर टेबलावरच पेटतोय.

दुसरं उदाहरण खास आपल्या भागातलं. नववीला निर्देशक भूमिती आहे. मुलांना वाटतं, क्ष आणि य कुठे कामाला येतात? अहो, भोसरी-चाकणमध्ये त्याच्यावरच पोट चालतं! सीएनसी किंवा व्हीएमसी मशीनला टूल कुठे न्यायचं ते निर्देशकांनीच सांगतात. ४० मिमी लांब आणि २० मिमी रुंद आयत कापायचा तर प्रोग्रॅमचा गाभा साधारण असा (फीड, स्पीड वगैरे इथे सोडून दिलंय) :

जी०० एक्स० वाय०
जी०१ एक्स४० वाय०
जी०१ एक्स४० वाय२०
जी०१ एक्स० वाय२०
जी०१ एक्स० वाय०

'जी०० (जी झिरो झिरो)' म्हणजे टूल न कापता झटकन त्या बिंदूवर जा, 'जी०१ (जी झिरो वन)' म्हणजे सरळ रेषेत कापत जा. आता आलेख कागदावर मुलांना टूल बनवा, पेन्सिल चालवू द्या. मग विचारा, मशीनला 'जी९१' दिलं तर? त्यात प्रत्येक अंतर आरंभबिंदूपासून न मोजता, टूल आत्ता जिथे आहे तिथून मोजलं जातं. तोच आयत मग एक्स४०, वाय२०, एक्स-४०, वाय-२० असा होतो. ऋण संख्या म्हणजे 'मागे ये', हे मुलांना इथे जितकं पटतं तितकं संख्यारेषेवर पटताना मी पाहिलेलं नाही. हे झाल्यावर जिओजेब्रा उघडा, ते मोफत आहे, आणि तेच बिंदू टाकून मुलांना आपापला जॉब काढू द्या. कुणी त्रिकोण काढेल, कुणी घर, कुणी नावाचं पहिलं अक्षर.

भाषेचा प्रश्न राहिला, आणि तो इथे मोठा आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला तेव्हा सगळीकडे क्यूआर कोडचं कौतुक झालं. पण मुळात तिथल्या मुलांची मातृभाषा कन्नड होती आणि त्यांना पुस्तकाची भाषा कळत नव्हती. गुरुजींनी मजकूर मुलांच्या भाषेत आणला आणि त्याला कोड जोडले. अडचण आधी, कोड नंतर. आपल्या वर्गात घरी भोजपुरी किंवा हिंदी बोलणारी मुलं मराठी माध्यमात बसतात. बालभारतीच्या पुस्तकांतही आता क्यूआर कोड आहेत, तो स्कॅन करून धड्याचं वाचन वर्गात दोनदा ऐकवलं, मुलांनी बोट ठेवून पुस्तकात पाहिलं, तरी या मुलांना आधार मिळतो. याला दहा मिनिटं आणि एक साधा स्पीकर पुरतो.

दोन गोष्टी जाता जाता. गुरुवारी आपल्याकडे देखभाल-दुरुस्तीसाठी वीज जाण्याची शक्यता असते हे कुणाला सांगायला नको. तेव्हा पाठ टाचणात 'शैक्षणिक साधने' लिहिताना स्मार्ट टीव्हीच्या शेजारी दुसरं काहीतरी लिहून ठेवा. आणि दुसरी गोष्ट आपल्या स्वतःच्या फोनची. युनेस्कोच्या २०२३ च्या अहवालात म्हटलंय की फोनमुळे लक्ष एकदा उडालं की पुन्हा अभ्यासावर यायला मुलांना वीस मिनिटांपर्यंत वेळ लागू शकतो. मुलांचे फोन आपण बंद ठेवायला लावतो. पण शिक्षकांच्या फोनवर दिवसभर 'तात्काळ माहिती भरा', 'फोटो अपलोड करा' चालू असतं, त्याचं काय? वर्गातलं सगळ्यात जास्त वेळ खाणारं तंत्रज्ञान मुलांच्या नव्हे, शिक्षकांच्या हातात असतं आणि ते शिकवण्यासाठी नसतंच. यावर निबंधात कुणी लिहीत नाही.

चाकण ज्या तालुक्यात आहे त्याच खेड तालुक्यात जालिंदरनगरची जिल्हा परिषद शाळा आहे. २०२५ मध्ये 'वर्ल्ड्स बेस्ट स्कूल' पुरस्कारांच्या यादीत तिचं नाव झळकलं. तिथली जी पद्धत जगाला आवडली ती 'विषयमित्र', म्हणजे मुलांनी एकमेकांना शिकवायचं. वर्गात चार टॅब आणि चाळीस मुलं असतील तर हाच मार्ग उपयोगी आहे. ज्याला जमलं त्याने टॅब खाली ठेवायचा आणि शेजाऱ्याला तोंडाने समजावायचं.

आणि निर्देशक भूमितीचा तो पाठ झाल्यावर गृहपाठ काय द्याल? मी हा देणार आहे : 'घरी किंवा चाळीत जे कुणी मशीनवर काम करतात त्यांना विचारा, जॉबचा झिरो कुठे धरता आणि तिथेच का? उत्तर चित्रासह वहीत लिहा.' वडील नाईटला असतील तर शेजारच्या काकांना विचारता येईल, किंवा रविवारपर्यंत थांबता येईल.