स्कार्फचे रंग: आधी फोटो, मग सुया

ऑर्डरचा रंगीबेरंगी स्कार्फ विणायला घेताय? निवडलेले गुंडे शेजारी-शेजारी ठेवा आणि मोबाइलवर ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढा. सगळे सारखेच करडे दिसले, तर विणल्यावर पट्टे एकमेकांत हरवणार. एखादा गडद, एखादा फिका हवाच. पट्टे 2, 8, 4 ओळी असे लहान-मोठे घ्या. ओळी सम असल्या की धागा त्याच कडेला परत येतो, दरवेळी तोडावा लागत नाही. पांढऱ्याशेजारी लाल घालताय? छोटा नमुना विणून धुऊन बघा. रंग लागला तर गिऱ्हाईक परत येत नाही, आलंच तर पैसे मागायला! आणि लोकर एकदमच घ्या, लेबलवरचा डाय लॉट नंबर जुळवून. नंतर आणलेला ‘तोच’ मरून बरेचदा वेगळा निघतो.