अतिनवतारे आणि विश्वाचे मोजमाप

विश्व प्रसरण पावत आहे, हे एडविन हबल यांच्या १९२९ च्या निरीक्षणांनी स्पष्ट झाले. गुरुत्वाकर्षणामुळे या प्रसरणाचा वेग मंदावत असला पाहिजे, असे पुढे अनेक दशके गृहीत धरले जात होते. तो किती मंदावला, हे मोजण्यास निघालेल्या दोन संशोधक-गटांना १९९८ मध्ये नेमके उलट उत्तर मिळाले. या उत्तरामागे दुर्बिणींइतकाच संख्याशास्त्राचाही वाटा होता.

श्वेतबटू ताऱ्याचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे १.४ पटींपलीकडे टिकू शकत नाही, हे सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर यांनी दाखवून दिले. जोडीच्या ताऱ्यामुळे अशा ताऱ्याचा स्फोट झाला, की 'एक-ए' प्रकारचा अतिनवतारा (सुपरनोव्हा) काही आठवडे संपूर्ण दीर्घिकेच्या तोडीने प्रकाशतो. अशा सर्व स्फोटांचे मूळ तेज जवळजवळ सारखे असते. अंतर दुप्पट झाले, तर दिसणारे तेज चतुर्थांश होते. त्यामुळे दिसणाऱ्या तेजावरून अंतर काढता येते. त्याच्या प्रकाशातील ताम्रसृती, म्हणजे वर्णपटाचे तांबड्या बाजूस सरकणे, मधल्या काळातील प्रसरण सांगते.

तथापि, हे तेज तंतोतंत सारखे नसते. जे तारे सावकाश मंद होतात ते अधिक तेजस्वी असतात, हा संबंध मार्क फिलिप्स यांनी १९९३ मध्ये मांडला. त्यानुसार दुरुस्ती केल्यावरही प्रत्येक अंतरात काही टक्के त्रुटी राहतेच.

पीक कापणी प्रयोगाचा अनुभव असणाऱ्यांना पुढील तत्त्व परिचित आहे. एका शेताच्या उताऱ्यावरून तालुक्याचे उत्पन्न ठरत नाही. नमुने शंभरपट वाढविल्यास सरासरीतील यादृच्छिक त्रुटी दहाव्या हिश्शावर येते. परंतु रस्त्यालगतची चांगली शेतेच निवडली किंवा तराजूच सदोष असला, तर नमुने कितीही घेतले तरी दोष उरतो. दूरच्या अंतराळातील अधिक तेजस्वी अतिनवतारेच प्रामुख्याने नजरेस पडतात. म्हणून या निवडीचा व वाटेतील धुळीचा हिशेब स्वतंत्रपणे करावा लागतो.

सॉल पर्लमटर यांच्या गटाने ४२, तर ब्रायन श्मिट व ॲडम रीस यांच्या गटाने १६ दूरस्थ अतिनवतारे तपासले. ते अपेक्षेपेक्षा मंद, म्हणजेच अधिक दूर आढळले. प्रसरणाचा वेग वाढत असल्याचा निष्कर्ष त्यातून निघाला. त्यास कारण ठरणाऱ्या, विश्वाच्या सुमारे ७० टक्के असलेल्या घटकास 'कृष्ण ऊर्जा' म्हणतात. या तिघांना २०११ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

धुळीमुळेच तारे मंद दिसत असावेत, ही शंका रास्त होती. पुण्याच्या 'आयुका'चे संस्थापक-संचालक जयंत नारळीकर व सहकाऱ्यांनी २००२ मध्ये धातुमय धूलिकणांच्या आधारे पर्यायी स्पष्टीकरण मांडले होते. मात्र २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, हबल दुर्बिणीने टिपलेल्या अधिक दूरच्या अतिनवताऱ्यांची निरीक्षणे धुळीच्या साध्या कल्पनेशी जुळली नाहीत. प्रसरण आधी मंदावले व नंतर वेगावले, असे त्यांवरून दिसले.

२०२२ च्या 'पँथिऑन प्लस' विश्लेषणात सुमारे १५५० अतिनवतारे होते. त्यांच्या साहाय्याने प्रसरणाचा आजचा दर ३२.६ लाख प्रकाशवर्षांमागे सेकंदाला सुमारे ७३ किलोमीटर येतो. विश्वाच्या बाल्यावस्थेतील प्रारणावरून मात्र तो सुमारे ६७ येतो. ही तफावत तराजूतील दोषाची आहे, की भौतिकशास्त्रातील अपुरेपणाची, याचा निर्णय केवळ नमुने वाढवून होणार नाही; तराजूही अधिक काटेकोरपणे तपासावा लागेल.